पाडव्याला ठेवलेला मालक

मला आयुष्यात एकच गडी मिळाला. तोही मी ठेवला नव्हता. त्यांनी मला मालक म्हणून ठेवलं होतं. ते जाऊन आता वर्ष होत आलं, आणि अजूनही त्यांच्याबद्दल 'माझा गडी' असं लिहिताना माझं बोट अडखळतं.

आमच्या घरात गडी हा शब्दच नव्हता. वडील वाईला शाळामास्तर. भांडी घासायला येणाऱ्या सोनाबाईंना आम्ही भावंडांनी 'अहो' म्हणायचं, हा त्यांचा दंडक. कुणी चुकून 'ए सोनाबाई' म्हणालं, तर त्या दिवशी घरातली सगळी ताटं त्यानं घासायची. अशा घरात वाढलेल्या माणसाला अपराधी वाटायला कारण लागत नाही. इथे सिंगापूरला टॅक्सीवाला वयस्कर निघाला की मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसतो. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, टेबल पुसायला एखादी आजी आली की मी तोंडात घास असतानाच उठून टेबल पुसू लागतो. बायको म्हणते, "बस खाली. त्यांना वाटेल, हा आपली नोकरी घालवतोय." मग मला तेही लागतं.

अशा माणसाच्या वाट्याला पंच्याहत्तरीच्या पुढचा गडी आला.

झालं असं की, रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी मला मोकळ्या हवेत काहीतरी करायला सांगितलं. मी तांजोंग पगारला जहाजांच्या विम्याच्या ऑफिसात दिवसभर बसून असतो. आम्ही पासिर रिसला राहतो, तिथल्या समुद्राकाठच्या बागेत लोकांना भाजीपाला लावायला छोटे छोटे प्लॉट देतात. सोडत निघते, काही वर्षांसाठी प्लॉट मिळतो. प्लॉट म्हणजे मातीनं भरलेली लाकडी चौकट. आमच्या बेडरूमचं दार काढून आडवं टाकलं तर त्याहून जरा मोठी. सोडतीत माझं नाव निघालं आणि मी तिथे मेथी पेरली. मेथी काही वर येईना. एका रविवारी सकाळी मी चौकटीपाशी उभा राहून पुण्याला भावाशी फोनवर बोलत होतो, "अरे, पंधरवडा झाला, उगवतच नाही."

"उगवंल कशी?" पाठीमागून आवाज आला. "मालक फोनवर बोलतोय."

वळून पाहिलं तर एक काटकुळे गृहस्थ. पायात गुडघ्यापर्यंत काळे गमबूट, त्यावर खाकी अर्धी चड्डी, गळ्यात टॉवेल, डोक्यावर हनुवटीखाली बांधलेली वेताची टोपी, आणि खांद्यावर लांब दांड्याची कुदळ. ती कुदळ माझ्या अख्ख्या जमिनीपेक्षा लांब होती.

"तुम्ही मराठी आहात?" मी विचारलं.

"होतो," ते म्हणाले. "बोलायला कुणी नाय. अजून हाय की नाय ते बोलून बघायला लागंल." मग त्यांनी माझ्या चौकटीला एक फेरी मारली, बोटानं माती उकरली आणि विचारलं, "गडी पायजे काय?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हटलं, "एवढ्याशा जमिनीला कसला गडी, काका?"

"जमीन केवढी का असंना. एक मालक आणि एक गडी, दोघं लागतातच. तुमच्याकडं एकच हाय. आणि तोही कच्चा." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पाडवा कधी हाय यंदा?"

दापोलीकडचे होते. त्यांचे वडील तिथल्या एका बागायतदाराकडे गडी, आजोबाही त्याच घरात गडी. त्यांच्या गावी गड्याचं साल पाडव्याला ठरायचं. पाडव्याला ठेवला की पुढच्या पाडव्यापर्यंत मालकानं काढायचं नाही आणि गड्यानं सोडायचं नाही. पाडव्याच्या सकाळी गड्यानं मालकाच्या दारात येऊन विचारायचं, ठेवणार की काढणार? त्या एका सकाळी दोघांनाही काय ते बोलायची मुभा. बाकी वर्षभर मुकाट काम.

ते वडिलांच्या जागी लागायचे ते जहाजावर खलाशी म्हणून गेले. पण समुद्र त्यांना सोसला नाही. मुंबईहून निघाल्यापासून सिंगापूर येईपर्यंत ते ओकत होते आणि वरून कावीळ झाली. इथल्या हॉस्पिटलात त्यांना उतरवून जहाज पुढे गेलं. "जहाज गेलं तशी कावीळ पण गेली," ते म्हणायचे. तेव्हा बेटाच्या उत्तरेकडे चिनी लोकांची शेतं होती, भाजी आणि डुकरं. हॉस्पिटलातल्या कुणीतरी त्यांना एका तौकेकडे पाठवलं. चिनी मालकाला इथे तौके म्हणतात.

"त्याला माझं कळंना, मला त्याचं कळंना," ते सांगायचे. "पहिल्या सकाळी आला आणि माझ्या अंगावर असा वरडला, असा वरडला! शब्द एक समजला नाय. पण मलाच वरडतोय एवढं समजलं. मला घरी आल्यासारखं झालं."

तिथून पुढे पन्नासेक वर्षं त्यांनी तीन तौके केले. 'केले' हा त्यांचाच शब्द. पहिल्याकडे डुकरं आणि भाजी, दुसऱ्याकडे ऑर्किडची फुलं, तिसऱ्याकडे लिम चू कांगला पालेभाज्या. प्रत्येक वेळी सरकारनं जमीन परत घेतली. तौके रडले, भांडले, म्हातारे झाले. हे कुदळ खांद्यावर टाकून पुढच्या शेतावर गेले. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "लग्न केलं की घरात मालक व्हायला लागतं. ते मला जमण्यासारखं नाय."

तर त्या पाडव्याला मी ऑफिसला जायच्या गडबडीत होतो आणि दार वाजलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये ते उभे. गमबूट धुतलेले, शर्ट इस्त्रीचा. कुदळ भिंतीला टेकवलेली. आमचा ब्लॉक त्यांनी कसा शोधला कोण जाणे.

"ठेवणार की नाय?"

"अहो काका, आत तर या."

"आधी ठरू दे. सालाला काय द्याल?"

म्हटलं, "तुम्हीच सांगा. पैसे..."

"पैसे कोण मागतंय? कपड्याचे दोन जोड. पायात घालायला कायतरी. रोजचा चहा. आणि बोलणी."

"बोलणी?"

"शिव्या हो. नुसत्या चहावर काम होतं काय? आणि एक, काका नाय म्हणायचं. मालक गड्याला काका म्हणायला लागला, तर गड्यानं काय आशीर्वाद द्यायचे?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बायकोनं बाहेर येऊन श्रीखंडाची वाटी पुढे केली आणि आत बोलावलं, तर म्हणाले, "कामाचे पाय हायत, मालकीणबाई," आणि चपलांच्या रॅकशेजारी भिंतीला टेकून बसले. तिथेच श्रीखंड खाल्लं, तिथेच चहा घेतला. नंतरही चहाला येत ते तिथेच बसत. समोरचं चिनी कुटुंब येताजाता बघायचं. एक म्हातारा माणूस भारतीय शेजाऱ्याच्या दाराबाहेर जमिनीवर बसून चहा पितोय, आणि शेजारी आत पंख्याखाली. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. ती इथल्या मुलांच्या 'लाह' लावायच्या इंग्रजीत म्हणाली, "पापा, नेबर्स आर लुकिंग. सो एम्बॅरसिंग, लाह." मग मीही चहा घेऊन बाहेर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसायला लागलो. त्यावर ते जरा सरकून बसायचे आणि पुटपुटायचे, "असा मालक बघितला नाय."

काम म्हणाल तर, आता सांगायला हरकत नाही, त्यांचं काम बेताचंच होतं. मला आधी वाटलं होतं की पन्नास वर्षं मातीत काढलेला माणूस, सोनं पिकवेल. त्यांनी पहिल्याच महिन्यात माझी मेथी मारली. नवी मेथी पेरली होती, ती छान दाट उगवून आली. एका संध्याकाळी जाऊन बघतो तर त्यांनी एकेक रोप मुळासकट उपटून, वीतभर अंतरावर, ओळीत पुन्हा लावलेलं. चिनी पालेभाजी लावतात तशी. सगळी रोपं माना टाकून पडली होती.

"मेथी अशी लावतात?" मी विचारलं.

"तौके अशीच लावायचा."

"तौके मेथी लावायचा?"

"नाय," ते म्हणाले. "पण लावली असती तर अशीच लावली असती."

पाणी जास्त घालायचे. खत विसरायचे. सावली बघून तिथे टॉवेल अंथरून पडायचे. पण रोज यायचे. बसमधून ती कुदळ घेऊन यायचे आणि त्यावरून ड्रायव्हरशी त्यांची रोज बोलाचाली व्हायची. त्या चौकटीत त्या कुदळीचं काही काम नव्हतं, तिथे खुरपं पुरत होतं. कुदळ ते चौकटीला टेकवून ठेवायचे आणि खुरप्यानं काम करायचे. कुदळ नसेल तर लोकांना कसं कळणार, हा गडी आहे म्हणून?

माझी पंचाईत बोलण्यांची होती. ठरलं होतं, तर द्यायला हवी होती. ते वाट बघायचे. मी मनात वाक्यं जुळवायचो आणि तोंडातून निघायचं, "काका, म्हणजे... पाणी जरा जास्त झालं का हो?"

ते झारी खाली ठेवायचे. "ही काय बोलणी? ही तर विचारपूस झाली."

माझ्या बायकोला मात्र ते जमलं. तिनं हौसेनं कुंडीत वाढवलेली कढीपत्त्याची रोपं त्यांनी चौकटीत आणून लावली आणि ती जळाली, तेव्हा ती तावातावानं बागेत गेली. "डोळे आहेत की बटणं? विचारायचं नाही कुणाला?" ते मान खाली घालून ऐकत होते आणि टोपीखाली त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू कुणी हार घातलाय. ती गेल्यावर मला म्हणाले, "मालकीण बरी हाय. तुमचं काय ते शिकायला लागंल."

शेजारच्या प्लॉटवर एक मलाय बाई असायच्या. साठीच्या, धिप्पाड, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. सगळे त्यांना माकचिक म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे मावशी म्हणतो तसं. त्यांच्या वालाच्या शेंगा सगळ्या बागेत उजव्या. त्या शेंगांवर ओरडायच्या, साळुंक्यांवर ओरडायच्या, बागेत सायकल घालणाऱ्यांवर ओरडायच्या. आमचे गडी काम थांबवून ते ऐकत राहायचे, गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे.

त्यांचा आणखी एक नियम होता. वांगी लागली तेव्हा मी चार चांगली वांगी पिशवीत घालून त्यांना द्यायला गेलो. त्यांनी हात मागे घेतले.

"हातानं देऊ नका."

"अहो, तुम्हीच पिकवलीत."

"गड्यानं थोडं चोरायचं असतं. मालकानं थोडं बघायचं नसतं. तेवढं सांभाळलं की दोघांचं जमतं. तुम्ही देत बसलात तर मी चोरू काय?"

तेव्हापासून तोडणीच्या दिवशी मी फोन आल्याचं सोंग करून समुद्राकडे तोंड करायचो. "हो, हो, सोमवारी पाठवतो," असं मोठ्यानं कुणालातरी सांगायचो. वळून बघेपर्यंत त्यांच्या शर्टाला पोटावर फुगवटा आलेला असायचा. एकदा शर्टातलं एक वांगं घरंगळत माझ्या पायाशी आलं. आम्ही दोघं समुद्राकडे बघत बसलो. मी जहाजाबद्दल काहीतरी बोललो आणि ते वांगं उचलून त्यांनी परत शर्टात टाकलं.

प्लॉट तपासायला बागेच्या खात्यातली एक तरुण मुलगी यायची. तिनं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, हे तुमचे कामगार? यांचं वर्क परमिट आहे ना?" मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. तोवर त्यांनी खिशातून ओळखपत्र काढून तिच्यासमोर धरलं. गुलाबी, म्हणजे नागरिकाचं. मग तिनं माझं मागितलं. माझं निळं, म्हणजे नुसतं कायमचं राहायची परवानगी. ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग त्यांना म्हणाली, "अंकल, तुम्हीच सोडतीत नाव द्या की. तुमचा स्वतःचा प्लॉट होईल."

"नो, नो," ते म्हणाले. "ओन प्लॉट, नो स्लीप, लाह."

ती हसत गेली. मी विचारलं, "झोप का नाही लागणार?"

तेव्हा त्यांनी मला तिसऱ्या तौकेची गोष्ट सांगितली. चिनी वर्ष संपताना तौके सगळ्या कामगारांना जेवायला घालतो. टेबलाच्या मधोमध अख्खी उकडलेली कोंबडी, डोक्यासकट. तिचं डोकं ज्याच्याकडे करून ठेवलंय, त्याला नव्या वर्षी कामावरून काढलं. बोलायचं काही नाही. हे सांगताना ते खुशीत आले. "आमचा तौके दर साली डोकं माझ्याकडं करायचा. मी ताट फिरवून त्याच्या मेव्हण्याकडं करायचो. मेव्हणा घाबरट. तौके हसायचा, मग मला बियर द्यायचा. झालं, राह्यलो."

"आणि शेवटच्या वर्षी?" मी विचारलं.

"शेवटच्या साली नोटीस आली होती. जमीन जायची होती. सगळे बसलो. तौकेनं ताट हातानं फिरवलं आणि डोकं स्वतःकडं केलं." ते खुरप्याला चिकटलेली माती काढत राहिले. "मी ताट परत माझ्याकडं फिरवायला गेलो. त्यानं धरून ठेवलं. वरडला पण नाय. तो त्या आधी वरीसभर झोपला नव्हता, मालक. रात्री उठून वाफ्यांतनं फिरायचा. मी मात्र घोरत होतो. जमीन त्याची गेली. माझी कुठं होती?"

असं म्हणाले खरं, पण त्या दुपारी त्यांनी टॉवेल अंथरला नाही.

पुढच्या दोन पाडव्यांना काही अडचण आली नाही. "ठेवणार की काढणार?" "ठेवणार." श्रीखंड, नवी चड्डी, नवे गमबूट. तिसऱ्या वर्षी त्यांचं उतरणं दिसायला लागलं. आधी हात कापायला लागले, झारी धरली की निम्मं पाणी गमबुटांत. मग कुदळ बसमध्ये राहिली. ड्रायव्हरनं, तोच रोज भांडणारा, ती दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. मग एकदा मी बागेत पोचलो तर त्यांनी मला विचारलं, "डुकरांना घातलं काय?" मी काय बोलावं ते न सुचून म्हटलं, "घातलं." "बरं केलंत," ते म्हणाले आणि कामाला लागले. जरा वेळानं खुरपं थांबलं. "इथं डुकरं नायत," ते म्हणाले. "मग तुम्ही कुणाला घातलंत?" आणि आम्ही दोघं खूप हसलो.

पाडव्याला दोनेक महिने राहिले असतील तेव्हा ते भर दुपारी चौकटीशेजारी कोसळले. माकचिकनी अँब्युलन्स बोलावली. मी ऑफिसातून पोचलो तेव्हा वॉर्डात पडून होते, गमबुटांशिवाय. त्यांचे पाय मी पहिल्यांदाच पाहिले. डॉक्टरीणबाईंनी मला मुलगा समजून सगळं समजावलं. हृदय थकलंय. ऊन नको, वाकणं नको, वजन उचलणं तर नकोच. बसून राहायचं. मी मुलगा नाही, हे सांगायचं होतं. पण मग कोण, हे सांगावं लागलं असतं.

घरी सोडल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी ते बागेत हजर. काठी घेऊन.

"काका, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर मालक हाय काय? तुम्ही ठेवलंय तोवर यायलाच लागतं."

"मग मी सुट्टी देतो."

"गड्याला सुट्टी गावाला कुणी मेलं तर. गावाला आता मरायला कुणी राह्यलं नाय." आणि ते वाकले. वाकले आणि बराच वेळ वर येईनात. मी धरून बसवलं तर दोन मिनिटांत पुन्हा उठले.

मी सकाळी ऑफिसच्या आधी जाऊन सगळं काम उरकायला लागलो, म्हणजे त्यांना काही शिल्लक राहू नये. ते दुपारी येऊन मी लावलेली रोपं उपटून पुन्हा लावायचे.

बायको म्हणाली, "पाडव्याला सांगून टाक. नाही ठेवत म्हणून."

"त्यांच्याकडे दुसरं काय आहे? एक खोली आणि टीव्ही. काढलं तर ते घरात बसून मरतील."

"आणि ठेवलंस तर उन्हात मरतील. तुझ्या शब्दाखातर मरतील. तुला बरं वाटावं म्हणून त्यांना ठेवणार आहेस का?"

हे मला लागलं, कारण खरं होतं. 'ठेवणार' म्हणणं माझ्यासाठी सोपं होतं. त्यात मी चांगला दिसत होतो.

पाडव्याला मी रजा घेतली. ते आले. शर्ट इस्त्रीचा, पण बटणं एकाआड एक लागलेली. चपलांच्या रॅकशेजारी भिंतीला धरून धरून खाली बसले. मी समोर बसलो.

"ठेवणार की काढणार?"

मी भाषण तयार केलं होतं. तब्येत, आमचं प्रेम, घरी कधीही या, वगैरे. त्यांच्याकडे बघून त्यातलं एक वाक्य आठवेना.

"नाही ठेवत," मी म्हटलं.

लिफ्टचं दार उघडल्याचा, मिटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "कारण?"

"काका, तुमची तब्येत आता..."

"ते नाय," त्यांनी हात वर केला. आवाज पहिल्यांदाच घाबरल्यासारखा आला. "ते कारण नाय द्यायचं. पुढचा मालक विचारतो, आधीच्यानं का काढलं? म्हातारा झाला म्हणून काढला सांगितलं, तर मला परत कोण ठेवील? नीट कारण द्या, मालक. तीन सालं राबलोय तुमच्याकडं."

दारात बायको श्रीखंडाची वाटी घेऊन उभी होती. मला वडील आठवले, सोनाबाई आठवल्या, ताटांचा ढीग आठवला.

"वांगी चोरतोस," मी म्हटलं. "तीन वर्षं बघतोय. चोर आहेस तू. असला गडी नको मला."

समोरच्या घराचं दार किलकिलं झालं. माझ्या तोंडून हे बाहेर पडलं होतं, ऐंशीला टेकलेल्या माणसाला, पाडव्याच्या दिवशी, माझ्याच दारात.

त्यांनी टोपी मागे सारली. "बघितलंत होय?"

"सगळं बघितलं."

"आणि फोन?"

"फोन नव्हताच."

"मग तुम्ही मालक बरे होतात," ते म्हणाले. श्रीखंड सावकाश संपवलं, वाटी बायकोच्या हातात दिली, आणि काठी टेकत लिफ्टकडे गेले. मी सोडायला निघालो तर हातानंच नको म्हणाले. काढलेल्या गड्याला मालक सोडायला जात नसावा.

त्या आठवड्यात मी बागेकडे फिरकलो नाही. रोज संध्याकाळी ऑफिसातून निघताना ठरवायचो आणि घरी जायचो. त्यांच्या ब्लॉकखाली जाऊन एकदा वर बघितलं. खिडकी बंद होती. रात्री बायको म्हणाली, "त्यांच्याकडे जाऊन तरी ये." मी म्हटलं, "कुठल्या तोंडानं?" शेवटी शनिवारी सकाळी तिनंच मला झारी हातात देऊन घराबाहेर काढलं.

लांबूनच मला ती वेताची टोपी दिसली. पण माझ्या चौकटीपाशी नाही. माकचिकच्या. माकचिकनी कुठूनतरी मोठी छत्री आणून रोवली होती आणि तिच्या सावलीत प्लॅस्टिकच्या स्टुलावर ते बसले होते. मांडीवर टोपलं, टोपल्यात शेंगा. ते किडक्या आणि चांगल्या वेगळ्या करत होते. कुदळ चौकटीला टेकवलेली. जरा काही घ्यायला म्हणून ते स्टुलावरून उठले, तशा माकचिक कडाडल्या. मलाय मला मोडकंतोडकं येतं, पण हे नीट कळलं. उठलास तर याद राख, म्हाताऱ्या! सावलीतून पाय बाहेर निघाला तर तोडून वालाला खत घालीन!

ते बसले. मुकाट. गेले दोन महिने मी हात जोडूनही असे कधी बसले नव्हते.

मी झारी घेऊन तसाच उभा. त्यांचं लक्ष गेलं.

"काय रे," ते म्हणाले. "आठवडाभर होतास कुठं?"

तीन वर्षांत ते मला कधी 'अरे' म्हणाले नव्हते. मी म्हटलं, "येत होतो, काका." यावेळी काका म्हटलेलं त्यांना खटकलं नाही.

"हिनं विचारलं, आधीच्यानं का काढलं. म्हटलं, चोरी. म्हणाली, माझ्याकडं चोरलंस तर हात तोडीन." ते माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "मी म्हटलं, मालकीण मिळाली."

"तब्येत कशी आहे?"

"माझं सोड. तुझी वांगी बघ आधी. कीड पडलीय, पानं गळताहेत, आणि हा घरात बसलाय! लाज वाटत नाय? एवढी जमीन हाय ती सांभाळवत नाय, आणि म्हणे विमा कंपनीत सायेब! वाक. अजून वाक. पानाखाली बघ, वर काय बघतोस? गडी नाय तुला आता, तुलाच करायला पायजे."

मी वाकून बघत होतो. पानांखाली खरंच कीड होती, आणि मला मागून बोलणी बसत होती, एकामागून एक, मोजदाद न ठेवता, आणि कानांना गार वाटत होतं. एवढ्यात माकचिक पुन्हा गरजल्या. शेजाऱ्याशी गप्पा पुरे, शेंगा कोण निवडणार?

ते मध्येच थांबले. "मालकीण वरडतेय," मला म्हणाले, आणि मोठ्या समाधानानं मान खाली घालून शेंगा निवडायला लागले.